फौजदाराचा उन्हाळा

माझ्या मुलीला तिचे बाबा फौजदार म्हणायचे. शाळेत असताना ती दारातल्या सगळ्यांच्या चपला ओळीत लावायची आणि ज्याची चप्पल वाकडी दिसेल त्याला जेवायला बसू द्यायची नाही. चप्पल बहुतेक वेळा बाबांचीच असायची. ते मुकाट उठायचे, सरळ करून यायचे, आणि सलाम ठोकून पानावर बसायचे. आता तिच्या लग्नाला सहा वर्षं झाली. बाबा नाहीत, पण फौजदारकी चालूच आहे, आणि तिच्या तावडीत सापडले आहेत आमचे जावई.

ती कृत्रिम दात बनवते. दवाखान्यांतून तिच्या लॅबमध्ये जबड्यांचे साचे येतात. ती त्यांवर मेणात एकेक दात बसवते, मग ते पक्के करून घासते, चमकवते. समोर छोटी ज्योत कायम पेटलेली असते आणि पंखा लावायची सोय नाही, कारण वाऱ्याने ज्योत हलते. उन्हाळ्यात त्या खोलीत दिवस काढून ती घरी येते तेव्हा भुवयांत प्लास्टरची पूड आणि कपाळावर आठी असते. दात केसभर वर राहिला तर माणसाला धड घास चावता येत नाही, असं ती सांगते. खरंच असणार. पण नवरा काही घासून बसवता येत नाही, हे तिला कोण सांगणार? मी त्यांच्याकडेच राहते, म्हणून मी सांगून पाहिलं. मला म्हणाली, तू तुझे गुडघे सांभाळ.

जावई फ्रिज आणि एसी दुरुस्त करतात. स्वतःचं छोटं दुकान आहे. थंडीत माश्या मारत बसतात आणि उन्हाळा लागला की फोनला उसंत नसते. लोकांच्या गच्च्यांवर, तापलेल्या पत्र्यांवर, भिंतीबाहेर लटकवलेल्या एसीच्या डब्यांपुढे उकिडवे बसून काम. रात्री घरी येतात तेव्हा बोलायलाही अंगात त्राण नसतं. वर्षाची कमाई याच तीन-चार महिन्यांत. आणि नेमक्या याच वर्षी, उन्हाळ्याच्या तोंडावर, त्यांचा रक्तदाब जास्त निघाला. डॉक्टरांनी रोजची एक गोळी दिली, मीठ-तेल कमी करा, जरा हालचाल ठेवा म्हणाले. फार काळजीचं नाही असंही म्हणाले. ते शेवटचं वाक्य आमच्या फौजदाराच्या कानात शिरलंच नाही.

दुसऱ्या दिवशी तिने स्वयंपाकघरातली कपाटं रिकामी केली. लोणी गेलं, लोणची गेली, बिस्किटं गेली, तळणाची कढई पिशवीत घालून माळ्यावर गेली. उकडलेल्या भाज्या, मोड आलेली कडधान्यं, काकडी, बिनमिठाचं सूप. उन्हाळ्यात हलकंच खावं, ते मलाही पटतं. चांगली ताजी भाजी आणायची, मन लावून निवडायची. पण ताटात वाढताना ती समोर उभी राहायची आणि नवऱ्याचा घास मोजल्यासारखी बघायची. जेवण कितीही पौष्टिक असू दे, पहारेकऱ्यासमोर ते घशाखाली उतरत नाही. जावई डबा न्यायचे आणि रिकामा आणायचे. चार दिवसांनी तिने त्यांचा शर्ट धुवायला टाकताना वास घेतला आणि विचारलं, तळलेला कांदा कुठे खाल्लास. ते म्हणाले, एका गिऱ्हाईकाच्या स्वयंपाकघरात काम होतं. ती म्हणाली, रोजच का? त्या रात्रीपासून दोघांच्या तोंडाला कुलूप. बोलणं व्हायचं ते माझ्यामार्फत. "आई, त्याला सांग सूप गार होतंय." ते माझ्या शेजारीच बसलेले.

एवढ्याने भागलं नाही म्हणून तिने दोघांची नावं व्यायामाच्या ग्रुपमध्ये घातली. पाण्याच्या टाकीमागच्या मैदानावर उजाडता उजाडता हे लोक जमतात. शिकवणारा तरुण गळ्यात शिट्टी अडकवून फिरतो आणि माणसाशी बोलायच्या ऐवजीही तीच वाजवतो, म्हणून मी त्याला शिट्टीच म्हणते. उन्हाळ्यासाठी त्याने नवरा-बायकोच्या जोड्यांचा खास वर्ग काढला होता. मी घरी एकटी काय करणार, म्हणून कठड्यावर बसून बघायची. खोटं कशाला बोलू, घरी राहिले असते तर जीव टांगणीला लागला असता. दोघं घरातून निघताना एकमेकांना पाण्यात पाहत निघायचे, तसे ते मैदानापर्यंत तरी नीट पोचतात का, हीच मला धास्ती.

त्या वर्गाचा शेवट साखळीने व्हायचा. सगळ्यांनी गोल उभं राहायचं, शेजाऱ्याचे हात धरायचे आणि शिट्टीबरोबर उठाबशा काढायच्या. पन्नास. मधे कोणी थांबलं की आकडा पुसला, सगळ्यांनी एकपासून सुरू करायचं. याने म्हणे एकी वाढते. मला वाढताना दिसलं ते निराळंच होतं. जावई तिशीच्या आसपास थांबायचे, कधी चाळिशीला. मग गोलातून एक सुस्कारा उठायचा आणि सगळे डोळे त्यांच्यावर. त्यांच्यावरून सरकून माझ्या मुलीवर. बँकेत काम करणाऱ्या एक बाई होत्या, त्यांची जीभ फार गोड. "काय दादा, आज वहिनींनी उपाशी ठेवलं की काय?" असं हसत हसत विचारायच्या आणि बाकीचे हसायचे. दादा कसनुसे हसायचे. वहिनींच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या आणि त्याचा हिशेब घरी चुकता व्हायचा.

असा महिनाभर गेला. मग एके दिवशी जावई भर उन्हात तीन गच्च्या करून आले, हात धुतले, आणि माझ्यामार्फत नाही, थेट तिलाच म्हणाले की मी उद्यापासून मैदानावर येणार नाही. ती म्हणाली, यावंच लागेल. ते म्हणाले, फार जबरदस्ती केलीस तर मी दुकानात राहायला जाईन. मी मधे पडले. दोन अंडी लोण्यात तळून त्यांच्यापुढे ठेवली. लोणी मी खोलीत लपवून ठेवलं होतं. वाटलं, माणूस पोटभर जेवला की निवळेल. माझ्या मुलीने ती बशी उचलली आणि माझ्याकडे बघून म्हणाली,

"बाबांनाही असंच प्रेमाने खाऊ घालून घालवलंस."

असं कोणी आईला बोलतं? तिच्या बाबांच्या हृदयाची झडप जन्मापासून खराब होती, डॉक्टरांनी ते तिच्यासमोर सांगितलं होतं. मी तिला म्हटलं, तुझी जीभ तुझ्या लॅबमधल्या करवतीसारखी झाली आहे, आणि खोलीत जाऊन दार लावलं. बाहेर ताट आपटल्याचा आवाज आला. कोणी आपटलं ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी जावई मैदानावर आले. मला नवल वाटलं, आणि थोडी आशाही. साखळी सुरू झाली. तिशी झाली, चाळिशी झाली, ते धापा न टाकता उठत-बसत होते. अठ्ठेचाळीसला थांबले. सगळे चरफडले, पुन्हा एकपासून. या वेळी एकोणपन्नासला थांबले. आणि मला कठड्यावरून स्पष्ट दिसलं की हा माणूस दमून थांबलेला नाही. खांदे सैल, श्वास शांत. तो मुद्दाम थांबतो आहे आणि तिच्याकडे बघतो आहे. ती समोर, मातीत नजर रोवून.

तिसऱ्यांदा तेच झालं. ऊन टाकीवरून खाली उतरलं होतं. एक काका गोलातून निघून सावलीत जाऊन बसले. बँकवाल्या बाईंचा गोडवा संपला. एका माणसाच्या हट्टापायी सगळ्यांनी किती वेळा मरायचं, असं त्या मोठ्याने म्हणाल्या. शिट्टीने प्रथमच तोंडातली शिट्टी काढली आणि माझ्या मुलीला विचारलं, यांचं काय करायचं ते तुम्हीच सांगा.

तिने क्षणही घेतला नाही. "ह्याला वगळा. मला जोडी नको, मी एकटी करते."

दोन-तीन जणांनी चक्क टाळ्या वाजवल्या. जावयांनी दोन्ही बाजूंचे हात सोडले, बाकावरची हत्यारांची पिशवी उचलली आणि निघाले. घराकडे नाही, दुकानाकडे. साखळी जुळली, पन्नास झाल्या. तिने एकही उठाबशी चुकवली नाही. त्या रात्री जावई घरी आले नाहीत, दुसऱ्या रात्रीही नाहीत. ती दोघांचं सूप करायची आणि एकाचं ओतून द्यायची.

आठवडा झाला तशी मी गुडघे ओढत दुकानात गेले. दारं उघडी टाकलेले फ्रिज रांगेने उभे, आत कुबट वास. त्यांच्या मधल्या फटीत पुठ्ठे अंथरून अंथरूण केलेलं. जावयांनी मला एकुलत्या एका स्टुलावर बसवलं आणि स्वतः उभे राहिले. मी म्हटलं, वगळलंच तर तुम्हाला हवं होतं ना, मग आता रुसवा कसला.

"आई, मी थांबत होतो, तर तिने एकदा माझ्याबरोबर थांबावं एवढंच हवं होतं. साऱ्या गोलात एकदा तरी. तिने मला टाकायला एक सेकंद घेतला नाही."

मला त्यांची दया आली. तेवढ्यात खिडकीत गोळ्यांचं पाकीट दिसलं. न फोडलेलं. मी विचारलं तर म्हणाले, घरचं पाकीटही तसंच आहे, महिनाभर घेतली नाही. गोळी घेतली की तिचं ऐकल्यासारखं होतं. माझी दया तिथेच आटली. मी त्यांना म्हटलं, तुम्ही दोघं एका माळेचे मणी आहात. तिला जिंकायचं म्हणून ती तुम्हाला उपाशी मारते आणि तुम्हाला जिंकायचं म्हणून तुम्ही आपणहून मरता. मग मी त्यांना तिच्या बाबांचं सांगितलं. जेवता जेवता गेले. मी पाणी आणायला आत गेले होते आणि समोर चौदा वर्षांची ती एकटी बसली होती. बाबा थट्टा करतायत असं वाटून ती आधी हसली होती.

जावयांना हे ठाऊक नव्हतं. सासरे हार्टने गेले, एवढंच तिने सांगितलं होतं. ते बराच वेळ एका फ्रिजच्या दारावरचा रबर चाचपत राहिले. मला वाटलं आता विरघळतील. तर म्हणाले, "मग हे तिने सांगायला हवं होतं. तुम्ही का सांगताय?"

मी उठले ती तडक घरी आले आणि लेकीला गोळ्यांचं सांगितलं. मला वाटलं ती चवताळेल. ती भाजी चिरत होती, सुरी खाली ठेवून नुसती बसली. पांढरीफटक. मग म्हणाली, मी रोज त्याच्या ताटातलं मीठ बघत बसले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती निघाली, पण मैदानाकडे वळली नाही. मी काळजीपोटी मागोमाग गेले, दुकानाबाहेर थांबले. तिने शटर वाजवलं. आतून ते आले, झोपेतले. ती म्हणाली, गोळी घे. ते म्हणाले, आधी बस. ती म्हणाली, मला कामाला जायचंय. ते म्हणाले, मग जा. असे दोघं उंबऱ्याच्या आत-बाहेर उभे. शेवटी ती त्या स्टुलावर बसली. त्यांनी गोळी घेतली, पाणी प्यायले, आणि लहान मुलासारखी जीभ काढून दाखवली. हसवायला नाही, चिडवायला.

"बाबांचं मला का नाही सांगितलंस?"

"तू कधी विचारलंस?"

"तू विचारू देतेस?"

तरी ती उठून गेली नाही. लॅबला उशीर झाला तरी बसून राहिली. हे मी तिच्या बाबतीत पहिल्यांदा पाहिलं.

तेव्हापासून ती रोज सकाळी डबा घेऊन दुकानात जाते. ग्रुप सुटला. बँकवाल्या बाईंचा फोन आला होता, वहिनी तुमच्याशिवाय गोल सुना वाटतो म्हणाल्या, तर हिने त्यांना असं काही उत्तर दिलं की ते इथे लिहिण्यासारखं नाही. डब्यात आता चिमूटभर मीठ असतं. तो रिकामा येतो तेव्हा कोणी खाल्लं हे ती विचारत नाही, पण झाकण उघडून वास घेतेच. भांडणंही होतात. परवा शटरपाशी गोळी सकाळी की रात्री यावर एवढे भांडले की शेजारचा चहावाला मधे पडला.

जावई अजून पुठ्ठ्यावर झोपतात. मला झोप येत नाही. रात्री फोन वाजला की गुडघे विसरून उठते.

आज संध्याकाळी ती त्यांच्या मळक्या कपड्यांचं गाठोडं घेऊन आली. एकेक शर्ट झटकून मशीनमध्ये टाकत होती आणि दर शर्टाला त्यांचा उद्धार करत होती. ग्रीसचे डाग, खिशात स्क्रू, कॉलरला ते तळणाचे वास. मी भीत भीत विचारलं, घरी कधी येतायत.

"हातातली कामं संपली की येतो म्हणाला," ती म्हणाली. "आणि म्हणाला, जेवताना समोर उभी राहणार असशील तर येत नाही."

मी म्हटलं, मग तू काय म्हणालीस?

ती मशीनचं झाकण लावून घट्ट दाबत राहिली. "म्हटलं, बघते."