बाबांचा तीनशे फुटी दोर

आता विषय तुम्हीच काढला आहे, तर ऐकाच. नाहीतरी अर्ध्या गावाला ही गोष्ट माहीत आहे आणि उरलेल्या अर्ध्याला चुकीची माहीत आहे. भर अरबी समुद्रात मी एका प्रवाहाचा शोध लावला होता. दीड दिवस तो शोध टिकला. मग मीच तो स्वतःच्या हाताने संपवला. हसू नका एवढ्यात, चहा सांडेल.

तर मी धामणगाव बढेचा. बाबांचं तिथं मोटार दुरुस्तीचं दुकान आहे. मोटार म्हणजे विहिरीत, बोअरमध्ये सोडायची पाण्यातली मोटार. आमच्या धंद्यात एकच नियम: पाण्यात काहीही सोडायचं तर आधी दोर बांधायचा, मग सोडायचं. मला पाढे नंतर आले, ही गाठ आधी आली. तीस वर्षांत बाबांच्या हातून एकही मोटार दोर सुटून पाण्यात गेली नाही, आणि हे ते दिवसातून दोनदा सांगतात.

पुढे मी बुलढाण्याला यंत्रांचा डिप्लोमा केला आणि काय नशीब उघडलं म्हणता! समुद्राचे प्रवाह मोजणाऱ्या एका जहाजावर यंत्रं सांभाळायचं काम मिळालं. एकाच फेरीचं कंत्राट. काम पसंत पडलं तर पुढच्या फेरीला बोलावणार, नाही पडलं तर परत दुकानात बसून मोटारी खोलायच्या. मला काही झालं तरी परत बसायचं नव्हतं. आता बघा, जिल्ह्याच्या गावाला अजून रेल्वे नाही, तिथला माणूस थेट जहाजावर. मी समुद्र पाहिला होता तो फक्त कॅलेंडरवर.

एसटीवर सोडायला बाबा आले ते खांद्यावर दोर घेऊनच. निळा नायलॉनचा, तीनशे फुटी. अर्ध्या गावाच्या मोटारी या दोराने विहिरीत उतरलेल्या.

"हे कायले बाबा? जहाजावर दोर असतात."

"असतीन. पन ते सरकारी. सरकारी दोराचा काय भरवसा? पान्यावर चालला, आपला दोर संग असू दे."

घेतला. बापाचं मन कोण मोडणार?

जहाज सुटलं आणि माझं पोट उलटं झालं. तीन दिवस मी बादलीला मिठी मारून होतो. नेमकं त्याच दिवसांत आमच्या मुख्य शास्त्रज्ञ मॅडम सगळ्यांना 'तरंगक' म्हणजे काय ते शिकवत होत्या. मॅडम पुण्याच्या, बोलणं स्वच्छ आणि सावकाश. पण बादलीत तोंड असलेल्या माणसाला किती ऐकू येणार? मला शेवटचं एकच वाक्य नीट ऐकू आलं: "तर हा आपल्याला पाण्याचा वेग सांगतो."

तेवढ्यावर मी बाकीचं ज्ञान स्वतःच तयार केलं. तरंगक म्हणजे टरबुजाएवढा पांढरा गोळा, त्याखाली कापडाची लांब नळी. मी म्हटलं, हे तर पाण्याचं मीटर आहे! आत चक्र असणार, पाणी बाजूने गेलं की ते फिरणार, आकडा येणार. आता मला सांगा, नदीचा वेग मोजायचा तर माणसाने काठावर उभं राहायचं की नदीबरोबर वाहत जायचं? काठावरच ना? म्हणजे मीटर एका जागी बांधलेलं पाहिजे. किती सरळ विचार होता बघा. सरळ विचाराच्या माणसाने समुद्रावर जाऊ नये.

चौथ्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "संजय, आज बरा दिसतोस. जा, मागच्या बाजूने सात नंबरचा तरंगक सोडून ये."

मी गोळा उचलला. एवढी नाजूक वस्तू, वर उपग्रहाशी बोलणारं यंत्र, आणि ती नुसती पाण्यात फेकायची? माझ्या हाताला ते जमेच ना. खाली केबिनमध्ये गेलो, बाबांचा दोर आणला. एक टोक गोळ्याला, दुसरं जहाजाच्या कठड्याला, आणि गाठ आमची घरची. मग हळूच सोडला, बोअरमध्ये मोटार सोडतात तसा.

"सोडला मॅडम."

"नीट सोडलास ना?"

"एकदम पक्का."

दुसऱ्या दिवशी सकाळी संगणकापुढे गर्दी. हा गोळा तासातासाला आपला ठावठिकाणा कळवतो आणि नकाशावर ठिपका उमटतो. बाकीच्या गोळ्यांचे ठिपके एकमेकांना चिकटून, आळसावलेले. सात नंबर मात्र सुसाट.

"इतका वेग?" मॅडम म्हणाल्या. "या भागात? आणि या दिवसांत?"

जहाजाच्या तळाला आवाजावर चालणारं एक यंत्र होतं, तेही प्रवाहच मोजायचं. ते सांगत होतं, पाणी जवळजवळ स्वस्थ आहे. दोघांतलं एक नक्की खोटं बोलत होतं. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं.

"सात नंबर चुकणार नाही, मॅडम," मी छातीठोक सांगितलं. "मी स्वतः सोडला आहे."

झालं. तळाचं यंत्र बिघडलं असं ठरलं आणि ते मीच तपासायला बसलो. वायरी सोडल्या, पुसल्या, जोडल्या. यंत्र ठणठणीत. पुन्हा तपासलं, तरी ठणठणीत. तिसऱ्यांदा मी त्या बिचाऱ्या यंत्राला शिव्या दिल्या.

मग मॅडम म्हणाल्या, "काही झालं तरी या प्रवाहाची साथ सोडायची नाही." कप्तानाने जहाज उत्तरेला वळवलं. प्रवाहही उत्तरेला वळला. पाण्याचे नमुने घ्यायला आम्ही दोन तास थांबलो, तर प्रवाहही थांबला. आम्ही निघालो, तोही निघाला. मॅडमनी वहीत मोठ्या अक्षरात 'विलक्षण' असं लिहिलं आणि किनाऱ्यावरच्या त्यांच्या सरांना निरोप धाडला.

तुम्ही म्हणाल, तुला तेव्हाही कळलं नाही? नाही कळलं! मला वाटलं, समुद्र असाच असेल. आपल्याकडे नळाचं पाणीसुद्धा मनाला येईल तेव्हा येतं आणि जातं, हा तर एवढा मोठा.

दुपारी घरी फोन लावायची माझी पाळी आली.

"दोर कामी आला का बे?" बाबांचा पहिला प्रश्न.

"हाव बाबा. त्याच्यावरच तर काम चालू हाये. लय मोठा प्रवाह सापडून राह्यला. मॅडम म्हनतात, असा कोनी पाह्यला नाही."

"आपल्या दोरानं?"

"आपल्याच."

मग बाबा फोन न ठेवताच कोणाला तरी हाक मारत निघून गेले.

संध्याकाळी नमुन्यांसाठी जहाज पुन्हा थांबलं होतं. मॅडम मागच्या टोकाला उभ्या होत्या, डोळ्यांना दुर्बीण लावून. चेहरा उतरलेला. मला फार वाईट वाटलं.

"काय झालं मॅडम?"

"भीती वाटते रे. सगळा पुरावा त्या एका गोळ्यात आहे. एकाएकी कुठे निघून गेला तर माझ्यावर कोण विश्वास ठेवेल?"

मला भरून आलं. बोली लपवून बोलायचं ठरवलं होतं, तेही विसरलो. "मॅडम, तुमी कायले फिकर करता? तो कुठी जाते? मी त्याले बांधला ना."

मॅडमनी दुर्बीण खाली घेतली. "काय केलंस?"

"बांधला. जहाजाले. हे पाहा." मी दोर धरून हिसका दिला. लांबवर सात नंबरने मान डोलावली.

मॅडमनी दोराकडे पाहिलं, गोळ्याकडे पाहिलं, परत दोराकडे पाहिलं. शेजारी डेकचे मुकादम दाऊदभाई उभे होते, रत्नागिरीचे. ते शांतपणे म्हणाले, "दोर मी कालच बघितला. मला वाटलं, मॅडमचा काहीतरी प्रयोग असेल."

मॅडम तिथल्या पेटीवर बसल्या. "अरे, तो वाहून जाण्यासाठीच असतो. तो जिकडे वाहतो, तो प्रवाह. आपण तो परत घेतसुद्धा नाही." मग म्हणाल्या, "म्हणजे दीड दिवस आपण आपल्याच जहाजाचा वेग मोजत होतो."

"पन अचूक मोजला, मॅडम," मी म्हणालो. का म्हणालो, ते आजही सांगता येणार नाही.

तेवढ्यात जहाज मागे घ्यायला कप्तानाने इंजिन सुरू केलं. दाऊदभाई ओरडले, "दोर जहाजाच्या पंख्यात जाईल!" मला काही सुचेना. हाताजवळ होतं ते टोक एका झटक्यात सोडलं. आमची गाठ तशीच असते, कितीही ओढा, सुटत नाही, आणि सोडायची म्हटली की एका बोटाने सुटते. दोर सळसळत कठड्यावरून गेला आणि समुद्रात दिसेनासा झाला.

"ओढून घे म्हणत होतो मी," दाऊदभाई म्हणाले.

सात नंबर आता खरोखर वाहायला लागला, आणि त्याच्यामागे तीनशे फूट धामणगाव बढे. मॅडमनी तोंडावर ओढणी धरली, खांदे हलत होते. मला वाटलं रडतात. मी पण रडायला लागलो, खोटं कशाला सांगू. कंत्राट गेलं, आणि त्याहून वाईट म्हणजे बाबांचा दोर गेला. मग कळलं, मॅडम हसत होत्या. सरांना दुसरा निरोप कसा लिहायचा, ते आठवल्यावर थांबल्या.

फेरी संपवून गावी उतरलो, तर स्टँडवर फ्लेक्स! 'समुद्राचा प्रवाह शोधणारे आपले भूमिपुत्र.' मधे माझा लग्नातला फोटो, मागे शिडाचं जहाज, कोपऱ्यात बाबांचा जुना फोटो. दोर खांद्यावर.

घरी गेल्या गेल्या बाबांना सगळं खरं सांगून टाकलं. ते ऐकत राहिले. शोधाचं काही विचारलं नाही.

"मंग दोर?"

"गेला बाबा."

"माह्या हातून तीस वर्सात एक मोटार गेली नाही. तू पह्यल्याच फेरीत दोर घालवला."

मॅडमनी मोबाईलवर तो नकाशा उघडून दिला होता, तो दाखवला. "हा ठिपका पाहा. हा सात नंबर. दोर याच्याच मागं हाये."

बाबांनी चष्मा लावला. मोबाईल माझ्या हातातून घेतला तो जेवण होईपर्यंत दिला नाही. दुसऱ्या दिवशी तोच नकाशा स्वतःच्या मोबाईलवर घेतला. आता दुकानात मोटार खोलता खोलता ते ठिपका बघतात आणि गिऱ्हाईकाला सांगतात, "आपला दोर आज खाली सरकला."

महिन्याने पुढच्या फेरीचं बोलावणं आलं! सोबत काय काय आणायचं त्याची यादी होती, आणि खाली मॅडमच्या अक्षरात एक ओळ: 'दोर आणू नये.'

गेलो. त्या फेरीत फोन फारसा लागला नाही. मागच्या आठवड्यात परत आलो आणि स्टँडवरून सरळ दुकानात निघालो. आत गिऱ्हाईक बसलं होतं. ते बाबांना विचारत होतं, "पोरगं कुठी असते आता?"

मी दारातच थांबलो. म्हटलं, ऐकू तरी बाप काय कौतुक करतो ते.

बाबांनी मोबाईलवरून मानसुद्धा वर केली नाही. "पोराचं काई सांगता येत नाही भाऊ. दोर मातर तासातासाले कळवते."