हँडल देवघरात, लॉरी उतारावर

"डिलिरियम ट्रेमेन्स," डॉक्टर म्हणाले. माझ्याकडं बघून नव्हे, खाटेच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या अक्काकडं बघून.

माझी उजवी मांडी मोडलेली. पाय लोखंडी चौकटीत टांगलेला आणि दोरीला वजनं लोंबत होती. मला वाटलं, मांडीच्या हाडालाच इंग्रजीत असं म्हणत असतील. पण डॉक्टरांनी कन्नडात फोड करून सांगितलं. रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली की दोन-तीन दिवसांनी त्याचे हात कापतात, घाम फुटतो, नाही ते दिसायला लागतं. मला भिंतीवर विंचू दिसले होते. त्यांना लाथ मारायला मी टांगलेला पाय चौकटीतून ओढून काढला होता. हाड परत सरकलं, जखम उघडली आणि घाण आत गेली.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. मी म्हणालो, "मी दारुडा नाही. स्वल्प घेतो. कधी गटारात पडलोय?"

"गटारात पडला नाहीत," डॉक्टर म्हणाले. "लॉरी घेऊन भिंतीवर गेलात."

हे मी लिहितोय ते लॉरी, बस, टॅक्सी चालवणाऱ्यांसाठी, आणि त्याहून जास्त त्यांच्या मालकांसाठी. माझं शिक्षण चौथी. अक्षर चुकलं तर सोडून द्या, मुद्दा सोडू नका.

लॉरी अक्काची. भावजींनी ती युद्धानंतर लष्कराच्या लिलावात घेतली होती. लष्करी गाडी, तिला किल्ली नव्हती, नुसता खटका. बॅटरी नावापुरती. पुढून हँडल घालून फिरवायचं तेव्हा इंजिन उठायचं. भावजी पिऊन तळ्याच्या बांधावरून लॉरीसकट खाली गेले. लॉरी पाण्यातून निघाली, भावजी जिवंत निघाले नाहीत. मग चालवायला मी आलो.

अक्कानं तेव्हापासून एक नियम घातला. लॉरी दारात थांबली की हँडल देवघरात, समईमागच्या खुंटीवर. मागायला गेलो की ती उंबऱ्यावर येऊन तोंड पुढं करायची. "फुंक." वास आला नाही तरच हँडल हातात. पन्नाशीचा बाप्या मी, आणि रोज दारात उभं राहून फुंकायचो. आमच्या गवीपुरमच्या गल्लीत हसायचे. "काय नारूअण्णा, आज पास की नापास?" एकदा लवंग घालून पान खाऊन गेलो. अक्का म्हणाली, "लवंग आली म्हणजे मागं कोणीतरी लपलंय. पान आज खाल्लंस, हँडल उद्या मिळेल." आणि खरंच दिलं नाही.

म्हणजे कुलूप होतं आमच्याकडं. चांगलं होतं. पण घर उतारावर.

त्या दिवशी चार वाजता दगडाची खेप होती. जेवून खाली गुत्त्यावर गेलो, दोन ग्लास सारायी घेतली आणि हँडल मागायला आलो. अक्कानं वास घेतला आणि दार लावलं. आतून म्हणाली, "नारू, झोप जा. दगड कुठं पळून जात नाहीत."

मला राग आला. वीस वर्षं गाडी हाकणारा मी! लॉरीचं तोंड उताराकडंच होतं. चाकाखालचा धोंडा काढला, खटका खाली केला, गियर टाकून क्लच दाबला आणि ब्रेक सोडला. लॉरी घरंगळली. क्लच सोडला तसं इंजिन उठलं. मला हसू आलं. जिंकलो असं वाटलं.

उताराच्या तळाशी नळ होता. तिथं बायका हंडे भरत होत्या. मागून अक्का हँडल हातात घेऊन ओरडत धावत होती. मी गाडी वळवली आणि दगडी भिंतीवर नेली. आजही मी म्हणतो, मी वळवली. अक्का म्हणते, "तू काय वळवलीस? त्या हंडे टाकून पळाल्या म्हणून वाचल्या." ती म्हणते तेच खरं असेल. माझा हात जड झाला होता एवढं मला आठवतं.

इस्पितळात भरती करताना डॉक्टरांनी विचारलं होतं, "दारू घेता?" मी म्हणालो, "शिवत नाही." हे नीट वाचा. खरं बोललो असतो तर पहिल्या दिवसापासून औषध दिलं असतं, विंचू आले नसते, जखम चिघळली नसती. डॉक्टरपुढं अब्रू राखायला गेलो आणि पाय घालवायची वेळ आणली.

पॅराल्डिहाइड नावाचं इंजेक्शन दिलं. ते कापरं थांबवतं, झोप आणतं. पण त्याचा वास आपल्याच तोंडातून येतो, सारायी बरी म्हणावं असा. अक्का पदर नाकाला लावून म्हणाली, "ही सरकारी दारू का रे?"

विंचू गेले. मग ताप आला. ऑस्टिओमायलायटिस, म्हणजे हाडाच्या आत पू. डॉक्टर म्हणाले, "आठ दिवस पेनिसिलिन देऊन बघू. ताप नाही उतरला तर पाय मांडीपासून काढावा लागेल."

आठ दिवस. दिवसभर थोड्या-थोड्या तासांनी सुई. दुपारी ढकलगाडीवरून एक्स-रेच्या खोलीबाहेर नेऊन ठेवायचे. तिथं बाकावर माणसं आपापले हातपाय धरून बसलेली. सांगणारं कोणी नाही. विचारलं की "सरी, सरी, बरं बरं, थांबा." मी सिस्टरवर ओरडायचो, वॉर्डबॉयवर ओरडायचो. अक्का रोज डबा आणायची आणि माझे पाय दाबायची, दोन्ही. एकदा मी म्हणालो, "उजवा कशाला दाबतेस? जाणारच आहे." ती म्हणाली, "अजून आहे तोवर दाबते."

सातव्या दिवशी ताप उतरला. नंतर सीक्वेस्ट्रम काढलं, म्हणजे आतला मेलेला हाडाचा तुकडा. पाच महिन्यांनी घरी आलो. पाय राहिला. तीन बोटं आखूड झाला आणि गुडघा वळत नाही. ब्रेकवर तो पाय आता बसायचा नाही.

तेव्हापासून मी एकच गोष्ट सांगत फिरतोय आणि कोणी ऐकत नाही. कुलूप माणसाच्या हातात नको, गाडीच्या पोटात पाहिजे. पिणारा खोटं बोलतो, मी बोललो. पिणारा उतार शोधतो, मी शोधला. गाडीनंच ड्रायव्हरचं तोंड हुंगावं आणि वास आला की इंजिन उठू नये. उतारावरून सोडा नाहीतर दहा माणसं ढकला. आणि कायदा करून प्रत्येक गाडीत ते बसवावं.

ओळखीच्या मिस्त्रीला म्हणालो. तो म्हणाला, "इंजिनाला नाक बसवतो नारूअण्णा, पण त्याला पडसं झालं तर?" सगळं गॅरेज हसलं. मालक लोकांना म्हणालो, तर म्हणे ड्रायव्हर काम सोडून जातील. जाऊ देत की! लायसन्सच्या कचेरीत साहेब म्हणाला, लायसन्स कडक करू. अहो साहेब, भिंतीवर गेलो तेव्हा खिशात लायसन्स होतं, एक डाग नव्हता त्याच्यावर. लायसन्सला वास येतो का?

डॉक्टरांनी मात्र नीट विचारलं. "बाळंतीण अडलीय आणि गाडी उठली नाही तर?" मी दोन दिवस विचार केला. मग जाऊन सांगितलं, "मग शेजारच्याला उठवा. पिऊन गाडी उठली तर बाळंतीण पोचेल याची हमी कोण देतं?" ते हसले नाहीत. म्हणाले, "असं यंत्र कुठं मिळत नाही हो." माणसाला आकाशात फिरवून आणतात आणि हे मिळत नाही!

आता अक्कानं दुसरी लॉरी घेतलीय. बटण दाबलं की सुरू. हँडल लागत नाही, म्हणजे अक्काचं कुलूपही गेलं. ड्रायव्हरकडून किल्ली मागून घेते, पण त्यानं दुसरी करून घेतली असेल. मी असतो तर घेतली असती.

समईमागच्या खुंटीवर आता माझी काठी असते. संध्याकाळी फिरायला निघालो की अक्का उंबऱ्यावर येते. तिला आता दिसतं कमी, नाक शाबूत आहे. "फुंक." मला अजून राग येतो. मी फुंकतो. आजवर एकदाही काठी अडलेली नाही, हे ठळक लिहून ठेवतो. पाय राहिला तो डॉक्टरांमुळं, आणि तो चालता आहे तो हिच्यामुळं. तोंडावर मी हे तिला सांगणार नाही.

पण तुम्हीच सांगा. मी लंगडा म्हातारा. पिऊन पडलो तर फार तर माझा गुडघा फुटेल. माझ्या काठीला कुलूप आहे. खाली नळावर बायका अजून हंडे भरतात, आणि वरून येणाऱ्या लॉरीला कुलूप नाही.