सरदारांच्या लेकीची छत्री

आमच्या नऊ वर्षांच्या शाल्मलीच्या अस्थी नदीत सोडून आम्ही दोघं परत निघालो, तेव्हा घाटावर सरदार घराण्याच्या छत्र्या लागल्या. मोठ्या सरदारांची छत्री उंच, काळ्या दगडाची. तिच्या खांबाखांबावर वेलबुट्टी कोरलेली. तिला खेटून एक ठेंगणी छत्री होती.

"ही कुणाची?" बायकोने तिथल्या पुजाऱ्यांना विचारलं.

"त्यांच्या लेकीची. देवीच्या साथीत गेली. ही आधी बांधली. मलाही हिच्याशेजारीच ठेवा, असं ते सांगून गेले."

एवढ्या लढाया जिंकलेला माणूस. पण घुमट बांधून दुःख थोडंच झाकलं जातं?

आत दगडात इवलीशी पावलं कोरली होती. बायकोने त्यांवर तळहात ठेवला आणि कितीतरी वेळ उचललाच नाही. "चल" म्हणायचा मला धीर झाला नाही.