तीच गोळी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलांना तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतेय? कोण जाणे. सकाळपासून उठते, बसते, चहा टाकते आणि तो गार होऊ देते — असंच चाललंय.

मला फिट येतात. यायच्या, म्हणायला हवं — गोळ्यांनी कधीच थांबल्या. शिरूरला, म्हणजे माहेरी, फक्त आईवडिलांना ठाऊक होतं. गावात बोभाटा नको म्हणून डॉक्टरसुद्धा पुण्याचा. लग्न ठरलं तेव्हा आईनं बजावलं, एक अक्षर बोलायचं नाही. नाही बोलले. पाटसला सासरी आले, जवळच्याच एका हायस्कूलात नोकरी लागली, आणि सासूबाईंसमोर त्या गोळीला पित्ताची गोळी म्हणत राहिले. एवढं खोटं तुम्ही पोटात घालाल. पण मला सांगायचंय ते हे नाही.

नव्वदच्या दशकाचा शेवट असेल. माझ्या नववीच्या वर्गात सुनीता होती. धीट पोरगी, गणितात सगळ्यांच्या पुढे. एक दिवस प्रार्थनेला उभी असताना ती कोसळली, हातपाय झटकायला लागली. झालं — कुणी चप्पल हुंगवतंय, कुणी कांदा फोडतंय, शिपाईमामांनी दातखीळ सोडवायला तोंडात चमचा घातला. तिचा पुढचा दात तुटला. आणि मी? तोंडात काही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी द्यायचं, थांबेपर्यंत जवळ बसायचं — त्या पटांगणात हे एकट्या मला माहीत होतं. तरी मी लांब उभी राहिले. बाईंना कसं माहीत, असं कुणी विचारलं असतं तर?

थांबा. हेही नाही. म्हणजे हेही आहेच, पण याहून वाईट पुढे आहे.

तिचं औषध सुरू झालं, ती परत शाळेत यायला लागली. मधल्या सुट्टीत मी रिकाम्या वर्गात दुपारची गोळी घेत होते, तेवढ्यात ती खडू मागायला आली. माझ्या हातातलं पाकीट बघितलं आणि हसली. तुटक्या दाताची लाज विसरून हसली.

"बाई, ही तर माझीच गोळी. तुमाला बी फिट येत्यात?"

मी खडू दिला आणि तिला जायला सांगितलं.

तिला आनंद झाला होता हो. बाईंना आहे, तरी बाई शिकवतात, एवढंच तिला दिसलं असेल. मला मात्र पुढचं दिसलं. ही घरी बोलणार, घरचे बाजारात बोलणार, सासूबाईंच्या कानावर जायला कितीसा वेळ? स्टँडवर दोन बायका कुजबुजताना दिसल्या तरी वाटायचं, माझंच चाललंय.

मग सुनीताला शाळेत आणखी एक फिट आली आणि तिचे वडील मला भेटायला आले. टोपी हातात घेऊन उभे राहिले.

"बाई, हेडमास्तर म्हणत्यात आमच्यावर जबाबदारी नगं. पर तुम्ही हिच्या वर्गाच्या बाई. तुम्ही म्हणाल तसं करतो. ठिवू का हिला शाळंत?"

तुम्ही म्हणाल तसं. माझ्या एका 'हो'साठी तो माणूस आला होता.

"आप्पा, घरीच ठेवा," मी म्हणाले. "पोरीची जात. उगाच चर्चा होते."

कुणाची चर्चा? तिची की माझी?

सुनीता दाराशीच उभी होती. तिनं सगळं ऐकलं. त्या क्षणी ती बोलू शकली असती — की बाईंनाही हेच आहे. नाही बोलली. माझ्याकडे बघत राहिली, मग दप्तर उचलून वडिलांच्या मागे गेली.

त्यानंतर मी कित्येक वर्षं धास्तीत काढली, आज ना उद्या ती कुठेतरी बोलेल म्हणून. ती कधीच, कुणाजवळच बोलली नाही. माझी नोकरी राहिली, संसार राहिला, निवृत्तीला शाळेनं शाल दिली. सुनीता नववीच्या पुढे शिकली नाही.