वैशूच्या बोटाला टोचलेली सुई

फोन जावयाचा होता. "नाना, वैशाली गेली..." एवढंच बोलला. त्याला सात आठवडे झाले. बायको आधीच गेलेली, आता पोरगीही नाही. मी चौथी शिकलेला माणूस, जमेल तसं लिहितो.

वैशू दातांची डॉक्टर. धुळ्यात दवाखाना होता. दिवसभर वाकून मान आखडायची, मशीनच्या आवाजाने कान वाजायचे. मी म्हणायचो, "लोकांचे दात नीट करता करता तूच मोडशील." ती म्हणायची, "नाना, आधी तंबाखू थुंका, मग मला शिकवा."

फाल्गुनात मी चोपड्याहून तिच्याकडे गेलो होतो. खुर्चीत तिचे सासरे, माझे व्याही, दाढ काढायला बसलेले. सासरे समोर म्हणून हिने डोक्यावर पदर घेतला. भुलीचं इंजेक्शन दिलं, सुईला टोपण घालताना पदर घसरला, तो सावरायला दुसरा हात पुढे आला आणि सुई बोटात गेली. टोपण ट्रेमध्येच ठेवून एका हाताने सुई त्यात सरकवायची असते, दुसरा हात जवळ न्यायचाच नाही. तिला हे ठाऊक होतं. पण पदर...

व्याही गेल्यावर म्हणाली, "नाना, त्यांचं रक्त तपासायला हवं. रक्तातून लागणाऱ्या काविळीची तिसरी लस माझी राहिलीय. मलाही आजच इंजेक्शन घ्यावं लागेल."

मी खेकसलो, "सासऱ्याला रोगी ठरवतेस? कुणाची सुई लागली म्हणून सांगशील दवाखान्यात? सासरी तोंड कसं दाखवशील? गप बस!"

एवढी शिकलेली पोर, अडाणी बापाचं ऐकून गप बसली. बोट धुतलं, पट्टी लावली, पुढच्या पेशंटला हाक मारली. अडीच महिन्यांनी डोळे पिवळे झाले. मग आठच दिवस...

तुमच्या घरात असा डॉक्टर असेल तर लस पूर्ण करायला लावा. सुई टोचली तर त्याच दिवशी दवाखान्यात पाठवा, कुणाची का असेना. माझ्या लिहिण्याने माझी वैशू परत येणार नाही, ते मला कळतं.

गेल्या सोमवारी सोनगीरला जाऊन व्याह्यांना सगळं सांगितलं. शिव्या खायच्या तयारीने गेलो होतो. ते म्हणाले, "नाना, तवय का बरं नही सांगं? एक थेंब रगतच ना..." आणि बाही वर सारून हात माझ्यापुढे धरला.