एका बारशाची दोन फुलपात्रं

वडगाव मावळच्या बाजारात भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर इर्शाद शिकलगार बसतो. आजूबाजूच्या गावांत जन्मलेल्या बाळांची नावं आईबापांच्या खालोखाल त्यालाच आधी कळतात. बारशाला आत्या फुलपात्र आणते आणि त्यावर नाव घालायचं ते इर्शादने. पाळण्यापाशी आत्या बाळाच्या कानात कुर्र करीपर्यंत ते नाव गुपित असतं, पण इर्शादपाशी ते कधीच येऊन बसलेलं असतं. "काका, कुणाला बोलू नका हं," असं प्रत्येक आत्या बजावून जाते. इर्शाद कधी बोललेला नाही. घरी बायकोने, शिफाने, जेवताना गोडीगुलाबीने विचारलं तरी तो आमटीची वाटी पुढे करतो.

त्याचे वडील छिन्नी-हातोडीने ठिपक्याला ठिपका जोडून नाव घालायचे. तेव्हा पितळेवर नद्या असत, देव असत, आणि मूल जगावं म्हणून मुद्दाम ठेवलेले दगडधोंडे असत. इर्शादच्या हाती विजेची सुई आली तेव्हा स्टीलवर सुरेखा आणि नंदा येऊ लागल्या. आता लोक नाव सांगतात ते अक्षर अक्षर फोडून, आणि अर्थ विचारला की मोबाइल काढतात. इर्शादला त्यात गंमत वाटते. त्याच्या स्वतःच्या नावाचा मूळ अर्थ वाट दाखवणं. पण गझलेच्या मैफलीत 'इर्शाद' म्हणतात ते 'बोला, पुढे बोला' म्हणून. कोर्टातले एक शौकीन वकील येता-जाता हात उंचावून "इर्शाद!" करतात. तो हसतो आणि काहीच बोलत नाही.

तर गेल्या श्रावणात भामाबाई आल्या. वय ऐंशीच्या घरात, पाठ थोडी वाकलेली, आवाज मात्र शाबूत.

"सुरजच्या पोरीचं बारसं हाय रविवारी. ह्या पेल्यावर नाव घाल, 'जिया'."

"आत्या तेजल ना मावशी? नाव ती ठेवणार."

"म्हून तर आधी आले. नातीचं काय सांगावं, काय तरी निराळंच काढंल. स्टीलवर घातलेलं पुसतंय व्हय? तू घाल गुमान, आन् तिला बोलू नको."

इर्शादने नाव घातलं. दुसऱ्या दिवशी घोरावाडीहून लोकलने तेजल आली. तिच्या लग्नाची सगळी भांडी इर्शादच्याच हातची, त्यामुळे तिने हक्काने स्टूल ओढलं.

"काका, दादाच्या मुलीचं नाव घालायचंय. 'भामा'."

इर्शादची सुई हातातच राहिली.

"आजीचं?"

"आजीनं वाढवलं मला. आणि हल्ली आमच्या ऑफिसात सगळ्यांच्या मुली रमा, राधा, यमुनाच आहेत. एकदा घातलं की आजीला नाही म्हणता येणार नाही. तिला कळू देऊ नका हं!"

इर्शादने तेही घातलं, पण त्याचा जीव खालीवर झाला. त्या घरात नाव ठेवतात ते गेलेल्या माणसाचं. भरल्या घरात, सगळ्या सोयऱ्यांसमोर म्हातारीने पाळण्यातून आपलंच नाव ऐकलं तर? 'मी काय मेले का गं?' एवढं एक वाक्य, की बारसं बाजूला राहील आणि आजी-नातीत अढी बसेल ती बसेलच. सांगावं तर शब्द मोडतो. न सांगावं तर घर मोडतं. शेवटी त्याने नाव कुणाचंच फोडलं नाही. दोघींना निरोप धाडला तो एवढाच, की फुलपात्र तयार आहे, शनिवारी दुपारी या.

शनिवारी भामाबाई चहा घेत पायरीवर बसल्या होत्या. तेवढ्यात समोरून तेजल आली आणि जागीच थबकली.

"आजी, तू इथं?"

"तू हितं कशाला?"

"काही नाही. झारा घ्यायचाय."

"मलाबी झाराच घ्यायचा हाय."

शेजारी भाजी विकणाऱ्या लीलाबाई म्हणाल्या, "दोन झारे? बारसं हाय का जिलेबीचं दुकान?"

इर्शादने कागदात गुंडाळलेली दोन फुलपात्रं दोघींच्या हातांत दिली. आधी कोण उघडतंय यावर थोडी झटापट झाली आणि दोन्ही कागद फाटले. भामाबाईंना वाचता यायचं, सावकाश. त्यांनी तेजलच्या हातातलं नाव वाचलं, परत वाचलं.

"मी अजून जिती हाय गं."

"आजी, तसं नाही—"

"मग कसं? आन् ह्ये नाव कशाला त्या लेकराच्या गळ्यात? भामा म्हंजी रुसणारी राणी. लग्न हून आले, तवापासनं जरा गप बसले की सासू म्हणायची, भामा रुसली. दीर म्हणायचे, भामा रुसली. नावापायी मला जन्मात एकदाबी धड रुसता आलं न्हाई!"

"मग आता रुस ना," तेजलही चिडून बोलून गेली.

"रुसते!"

आणि भामाबाईंनी पदर ओढून घेतला, भिंतीकडे तोंड केलं आणि खरोखरच रुसल्या. लीलाबाईंनी पेरू पुढे केला, तो त्यांनी न बघता घेतला आणि मांडीवर ठेवून दिला. समोरच्या हॉटेलातून भजी आली. दुकानाचे मालक अंबाजीशेठ गल्ला सोडून बाहेर आले, "मावशी, उन्हात बसू नका." मावशी हलल्या नाहीत. मात्र त्यांचे खांदे हसल्यासारखे हलत होते हे इर्शादला बाजूने दिसत होतं.

तेजल त्यांच्या पायाशी येऊन बसली. "आजी, मी बघितलंय. भामा म्हणजे मुळात तेज. चमकणारी. रुसणारी ती गोष्टीतली झाली, नंतर."

"खरं?"

"खरं." मग जरा खालच्या आवाजात, "रागीट असाही एक अर्थ आहे."

"त्यो असू दे," भामाबाई भिंतीकडेच बघत म्हणाल्या. "आन् जिया म्हंजी जीव. टीव्हीवर म्हणत्यात."

इर्शादला राहवलं नाही. "मावशी, हिंदीत जीवच. पण आमच्यात जिया म्हणजे उजेड. अरबीतनं आलंय. माझ्या बहिणीच्या सासऱ्यांचं नाव होतं ते."

भामाबाई गर्रकन वळल्या. "बापयाचं?"

"जुन्या काळी बापयांचंच. आता पोरींचं झालंय."

"म्हंजी उजेड हिकडूनबी, तिकडूनबी," त्या म्हणाल्या आणि विचारात पडल्या. मग तेजलच्या हातातलं फुलपात्र त्यांनी काढून घेतलं, पदराने पुसलं. घरात त्यांच्या फळीवर हंडे-पातेली सगळी 'श्रीपती' या त्यांच्या मालकांच्या नावाची. स्वतःचं नाव असलेलं एक भांडं नव्हतं.

"माजं नाव माज्याकडंच राहू दे तेजे. अजून वापरात हाय."

तेजल हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "राहू दे. मग जिया तूच ठेव. आत्याचा मान उद्या तुझा."

रविवारी इर्शाद बारशाला गेला तेव्हा घर बायकांनी भरलं होतं. सुरजच्या बायकोने, मानसीने, पाळण्याला झेंडूच्या माळा बांधल्या होत्या. भामाबाई वाकल्या. आत्या नाव सांगते तेव्हा तिच्या पाठीत धपाटे घालायचे असतात, आणि बायका तर हात सरसावूनच उभ्या होत्या. म्हातारीच्या पाठीचं काय होणार, म्हणून दारातला इर्शाद एक पाऊल पुढे सरकला. पण तेजल आजीवर ओणवी झाली आणि सगळे धपाटे धपाधप तिच्याच पाठीवर पडले. "अगं हळू! मी आत्या नाहीये आज!" ती ओरडत होती, आणि बायकांना तेवढंच हवं होतं. खाली, तिच्या सावलीत, भामाबाईंनी बाळाच्या कानात कुर्र केलं आणि मान वर करून सगळ्या आळीला ऐकू जाईल असं नाव पुकारलं.

घुगऱ्या वाटून झाल्यावर मानसीने आत्याच्या मानाची साडी काढली. मोरपंखी, जरीची. तेजलने ती स्वतःच लोणावळ्याला जाऊन पसंत केली होती, सोबत ब्लाउजही शिवायला टाकला होता. तिने हात पुढे केला, पण भामाबाईंचा हात आधी पोचला.

"आजी! ती माझी आहे!"

"मान कुणाचा हाय?" भामाबाईंनी घडी उलगडून खांद्यावर टाकली. "मंग साडी कुणाची? ब्लाउजाचं बघू. जरा उसवून घेतला की हुईल मला."