मिरचीला काका म्हणणारा

आमच्या वाशीच्या सोसायटीत समोर राहणारा तरुण डॉक्टर मूत्रविकारांची शस्त्रक्रिया शिकत होता. त्याच्या हॉस्पिटलात सरावासाठी परदेशी प्लास्टिकचं मूत्राशय आलं होतं. थाटात उद्घाटन झालं, आणि ते काचेच्या कपाटात गेलं ते तिथंच राहिलं. म्हणून हा घरी ढोबळी मिरचीवर हात बसवी. देठाकडच्या भोकातून शस्त्रक्रियेची जुनी दुर्बीण आत घालायची आणि मिरची न फाडता चिमट्याने एकेक बी काढायची.

प्रत्येक मिरचीला तो आधी सांगे, "काका, थोडं गार लागेल हं." मिरची फाटली की हळूच म्हणे, "सॉरी काका." फाटलेल्या मिरच्यांची भाजी आमच्याकडेही येई.

पुढे माझ्याच मूत्राशयात खडा निघाला. मला कमरेखाली बधिर करून टेबलावर घेतलं. पडद्यापलीकडून ओळखीचा आवाज आला, "काका, थोडं गार लागेल हं."

त्याचे मोठे डॉक्टर शेजारीच उभे होते, पण माझे कान त्याच्याकडे. मला ती भाजी आठवत राहिली.

"झालं, काका."

"सॉरी नाही ना रे?"

"नाही काका," तो हसला. पडद्याच्या अलीकडे येऊन त्याने चिमट्यात धरलेला खडा मला दाखवला.